चेंबरचा कंट्रोलर सेटिंग घेत नाहीये, मधेच पीओएफ दाखवतो

केळीवाला_रावेर:
राम राम मंडळी. सावद्याजवळ आमचं केळी पिकवायचं छोटं चेंबर आहे, पॅनलवर तापमान सांभाळणारा डिक्सेल कंपनीचा एक्सआर सिरीजवाला कंट्रोलर बसवलाय, लाल आकडे नी खाली बटनं तो. सेट, म्हणजे चेंबर किती डिग्रीवर ठेवायचं तो आकडा, 18 वर आहे, मला 16 करायचाय, कारण बाहेर ऊन मी म्हणतंय आणि माल सालीला कलर यायच्या आधीच आतून मऊ पडायला लागलाय. सेटचं बटन दाबलं की 18 दिसतं, पण खालचा बाण कितीही दाबा आकडा हलत नाही, दाबून धरला तर पीओएफ अशी अक्षरं येतात नी जातात. बसवून देणारा मिस्तरी फोन उचलत नाही. अजून एक, कॅरेटमधल्या केळात काट्याचं थर्मामीटर खुपसलं तर ते डिस्प्लेपेक्षा दोन डिग्री जास्त दाखवतं, ते पण मेनूतून जुळवता येतं म्हणे?

वायरमन_जळगाव:
बिघडलं काही नाही भो, बटनं लॉक करून गेलाय तो. वरचा नी खालचा बाण दोन्ही सोबत 3 सेकंदापेक्षा जास्त दाबून धर, पीओएन आलं की लॉक निघालं. मग सेट नुसता टिचकी मारल्यासारखा दाबू नको, त्याने फक्त आकडा दिसतो, बदलायचा असेल तर 2 सेकंदावर धरून ठेव, लाईट लुकलुकायला लागला की खालच्या बाणाने 16 वर आण आणि परत सेट दाब. झालं की लॉक परत लावून टाक, नाहीतर हमाल येता जाता बटनं दाबतात, आमच्याकडचा अनुभव आहे.

कूलिंगवाला_धुळे:
वरच्या भाऊने बरोबर सांगितलं. आकडा मधेच अडकला तर पॅरामीटरमधलं, म्हणजे आतल्या सेटिंगच्या यादीतलं, एलएस बघ, सेट कुठपर्यंत खाली जाईल त्याची ती हद्द असते. सेट नी खालचा बाण सोबत 3 सेकंद धरले की आत जाता येतं. ती हद्द केळीसाठी 13 च्या खाली ठेवूच नको, थंडी लागली की साल राखाडी पडते आणि तो माल व्यापारी हातात पण घेत नाही. तिथंच एचवाय असेल, सेटच्या किती डिग्री वर गेल्यावर कंप्रेसर परत चालू करायचा ते, ते 2 असलं तर कंप्रेसर 16 ला बंद होऊन थेट 18 ला चालू होणार, म्हणून ते 1 कर. एसी म्हणून दिसेल तो एअर कंडिशनर नाही बरं का, कंप्रेसर बंद झाल्यावर परत चालू व्हायच्या आधी किती मिनिटं थांबायचं ते आहे, लवकर गार होईल म्हणून त्याला शून्य करणारे बहाद्दर पाहिलेत मी, कंप्रेसर जळतो मग. काहीही बदलायच्या आधी एकेक आकड्याचा मोबाईलवर फोटो काढ, आणि एक लक्षात ठेव, 15 सेकंद हात नाही लावला तर तो आपोआप बाहेर येतो पण बदललेला आकडा तसाच राहतो, म्हणजे चुकून दाबलेलं पण सेव्ह.

आता ते दोन डिग्रीचं. ओटी नावाच्या पॅरामीटरने डिस्प्ले जुळवता येतो पण इथे हात लावू नको. प्रोब, म्हणजे कंट्रोलरच्या वायरच्या टोकाचा सेन्सर, हवा मोजतो, तुझं थर्मामीटर गर मोजतं. पिकताना केळी स्वतःच गरम होते, त्यामुळे गर हवेपेक्षा गरम असणारच आणि तो फरक रोज सारखा पण नसतो. प्रोबच चुकतोय का बघायचं तर बर्फ नी पाण्याच्या ग्लासात बुडव, शून्याच्या आसपास यायला पाहिजे. प्रोब बसवलाय कुठे पण?

केळीवाला_रावेर:
पीओएन आलं, 16 झालं, एचवाय पण 1 केलं, लय उपकार. बर्फात 0.3 दाखवतोय. प्रोब कूलरच्या पंख्यासमोरच लोंबकळतोय, जिथून गार हवा निघते तिथं.

कूलिंगवाला_धुळे:
मंग तेच तर भो! गार हवेचा झोत लागला की त्याला वाटतं सगळं चेंबर गार झालं नी कंप्रेसर बंद. कॅरेटांवरून फिरून हवा जिथून कूलरमधे परत ओढली जाते तिथं टायने बांध, भिंतीला टेकू देऊ नको. वायर पुरत नसेल तर जोड देऊन टेप मारत बसू नको, ओल जाते आत, सरळ लांब वायरचा प्रोब आण, फक्त एनटीसी का पीटीसी, म्हणजे कुठल्या जातीचा सेन्सर, ते जुन्यावर बघून. मग दोनतीन दिवस गर मोज, तरी गरमच वाटला तर सेट एक डिग्री अजून खाली घे.