जुन्या पेट्रोल पंपाची जागा विकायची आहे, आधी माती तपासावी का?

वेशीवरचा_प्लॉट:
नमस्कार मंडळी. बार्शी-लातूर रस्त्याला आमची २२ गुंठे जागा आहे. वडिलांनी १९८६ साली तिथे पंप टाकला, २०११ ला बंद झाला. तेल कंपनीने पेट्रोल भरायची युनिटं उचलून नेली. टाक्याही काढल्या असं वडील सांगायचे, पण ते आता नाहीत आणि कागद सापडत नाही. एक डॉक्टर दवाखान्यासाठी जागा मागताहेत, पुढच्या महिन्यात इसार द्यायचा म्हणतात. एजंट म्हणतो, वर मुरूम टाकून रोलर फिरवा, कोण उकरायला येतंय. पण गेल्या पावसाळ्यात टाकीच्या जागी साचलेल्या पाण्यावर रंगीत तवंग मी स्वतः पाहिलाय. उताराला शंभरेक फुटांवर तात्यांची, म्हणजे चुलत्यांची, विहीर आहे. घरात तेच पाणी पितात. झोप लागत नाही. काय करू?

गिरमिटवाला:
एजंटचं अजिबात ऐकू नका. पंपांच्या जागेवर बोअर मारून मातीचे नमुने काढणं हे माझं १४ वर्षांचं काम.

तवंगापासून सुरुवात करा. लोखंडावर जगणाऱ्या जिवाणूंमुळेही पाण्यावर तसाच पापुद्रा येतो. काडीने हलवून बघा. त्याचे कपच्यांसारखे तुकडे होऊन तसेच राहिले तर जिवाणू. काडी काढताच पुन्हा जुळून आला तर तेल.

मग कागद. पेसो, म्हणजे पेट्रोल आणि स्फोटकांच्या सुरक्षेचं केंद्र सरकारचं खातं, त्याच्या परवान्याला मंजूर नकाशा जोडलेला असतो. टाक्या, पाइप, व्हेंट (टाकीतली वाफ बाहेर सोडणारी नळी) कुठे होते ते त्यात दिसतं. तो हातात येईपर्यंत जेसीबी लावू नका. टाकी खालीच राहिली असेल तर रिकाम्या टाकीतली वाफ भरलेल्या टाकीपेक्षा घातक, एक ठिणगी पुरते.

नमुने टाकीच्या खड्ड्याच्या तळाखालून, टँकर खाली व्हायचा तिथून, युनिटांखालून आणि पाइपच्या जोडांपाशी घ्या. वरची दोन फूट माती स्वच्छ निघाली तरी काही सिद्ध होत नाही. आपल्याकडे काळ्या मातीखाली मुरूम, त्याखाली भेगाळलेला काळा दगड. पेट्रोल मुरमातून उतरतं आणि भेगांमधून पाण्याच्या वाटेला लागतं. माती वर आली की लगेच काचेच्या बाटलीत काठोकाठ दाबून भरायची आणि बर्फाच्या पेटीत ठेवायची. एका मालकाने मी पोचायच्या आत प्लॅस्टिकच्या पिशव्या भरून उन्हात ठेवल्या होत्या. सगळं काम मी पुन्हा केलं, कारण तशा मातीतलं बेंझीन, म्हणजे पेट्रोलमधला विषारी घटक, उडून जातं आणि अहवाल खोटाच स्वच्छ येतो.

बेंझीन, टोल्युईन, इथाइलबेंझीन, झायलीन, एकूण पेट्रोलियम हायड्रोकार्बन आणि शिसं, एवढं तपासा. शिसं यासाठी की २००० सालापर्यंत आपल्याकडे शिशाचं पेट्रोल विकलं जायचं. प्रयोगशाळेला याच चाचण्यांसाठी एनएबीएलची (प्रयोगशाळांना मान्यता देणारी राष्ट्रीय संस्था) मान्यता आहे ना, ते विचारून घ्या.

पण सगळ्यात आधी विहीर. पिण्याच्या पाण्यात बेंझीनची जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरला ०.०१ मिलिग्रॅम आहे, आणि एवढ्याशा बेंझीनचा नाकाला वास येत नाही.

पंपावरची_लेक:
आम्ही मुरूम टाकूनच विकली होती. घेणाऱ्याने पायासाठी खड्डे काढले, आठव्या फुटाला माती निळसर काळी आणि डिझेलचा भपकारा. दोन वर्षं कोर्टाच्या पायऱ्या चढलो. मालमत्ता हस्तांतरण कायदा १८८२, कलम ५५ वाचा. आपल्याला माहीत असलेला आणि घेणाऱ्याला साध्या पाहणीत न दिसणारा दोष सांगणं विकणाऱ्यावर बंधनकारक आहे. तुम्ही तवंग पाहिलाय, म्हणजे तुम्हाला माहीत आहे. कंपनीबरोबरचा जुना भाडेकरारही शोधा. जागा परत करताना सफाई कोणी करायची ते त्यात असेल, तर खर्चाचं बोलता येईल.

वेशीवरचा_प्लॉट:
काल वळीव पडला. सकाळी जाऊन काडीने पाहिलं. तीनदा हलवलं, तीनदा तवंग पुन्हा जुळला.

तिथूनच तात्यांकडे गेलो आणि सगळं सांगितलं. त्यांनी काही न बोलता मोटारीचा फ्यूज काढून खिशात घातला. आजपासून प्यायला टँकर. डॉक्टरांनाही फोन केला, अहवाल येईपर्यंत इसार घेणार नाही म्हणून. गिरमिटवाले दादा, विहिरीचं पाणीसुद्धा काचेच्या बाटलीतच भरायचं ना?

गिरमिटवाला:
हो, आणि आत हवेचा एकही बुडबुडा राहू देऊ नका. बाटल्या प्रयोगशाळेकडूनच मागवा.