मदत हवी आहे: आई ॲडमिट आहे, औषधांवर लक्ष कसं ठेवायचं?

आई (वय ७४) खुब्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला एका खासगी हॉस्पिटलात आहे. ऑपरेशन उत्तम झालं. पण परवा रात्री पोटात गोळाच आला. सिस्टर इंजेक्शन घेऊन आल्या, "पवार आजी ना?" म्हणाल्या. आईला कमी ऐकू येतं, कुणी काहीही विचारलं की ती हसून मान हलवते. इंजेक्शन पलीकडच्या कॉटवरच्या पवारबाईंचं होतं, इन्शुलिन! आईला डायबेटिस नाहीच. मी तेव्हा डबा धुवायला गेलेली असते तर?

दुसरा घोळ माझाच. आईची बीपीची गोळी घरून आणलेली, ती मी रोज सकाळी देत होते. हॉस्पिटलच्या मेडिकलमधली वेगळ्या कंपनीची, वेगळ्या नावाची, तीही चालू. तिसऱ्या दिवशी पाकिटामागचं बारीक अक्षर वाचलं, दोन्ही टेल्मिसार्टनच. उभं केलं की चक्कर यायची ती बहुधा त्यामुळेच. डॉक्टरांनी घरची बंद केली.

रात्री एका सिस्टरकडे अख्खा वॉर्ड असतो, त्यांच्यावर डाफरायचं नाहीये. पण "हे कशाचं?" विचारलं की तोंड वाकडं होतं. रविवारी भाऊ ओझरहून येऊन बसणार, त्याला औषधातलं ओ की ठो कळत नाही. त्याला काय सांगून जाऊ?

जुनी सिस्टर: ताई, विचारायचंच. नाव आम्ही सांगायचं नसतं, पेशंटला विचारायचं असतं, मग हातातल्या बँडवरचा नंबर केसपेपरशी जुळवायचा. भावाला म्हणावं, सुई दिसली की आजींचा हात पुढे कर, "सिस्टर, बँड बघता का?" एवढंच बोल. एका आडनावाच्या दोघी शेजारी असल्या तर आम्ही एकीची कॉट हलवायचो, इन्चार्जना सांगा. परवाचा प्रकार लेखीच द्या, चूक टळली असली तरी.

पंचवटीकर: डिस्चार्जच्या वेळी जुन्या गोळ्यांतल्या कुठल्या चालू, कुठल्या बंद, हे मूळ औषधाच्या नावानं लिहून घ्या. खुब्याच्या ऑपरेशननंतर रक्त पातळ ठेवायचं औषध देतात, ते किती दिवस तेही विचारा. आजी आधीपासून ॲस्पिरिन घेत असतील तर आवर्जून सांगा.

धागाकर्ती: अगंबाई, घेते की! पाच वर्षं झाली. पिशवीतच आहे ती पट्टी. उद्या राउंडलाच विचारते.