डॉक्टरांचं दुःख

'कलाकार कामात रमतात, त्यांना दुःख फार काळ टोचत नाही,' असं काही जण म्हणतात. मला नाही पटत. अभिनेते डॉ. श्रीराम लागूंचा तरुण मुलगा तन्वीर गेला तो धावत्या रेल्वेवर कुणीतरी भिरकावलेल्या दगडाने. ना आजार, ना वैर. रागवायचं तरी कुणावर? त्यात डॉक्टर पक्के नास्तिक, म्हणजे 'देवाची मर्जी' म्हणायचीही सोय नाही. पुढे त्यांनी आणि पत्नी दीपाताईंनी रूपवेध प्रतिष्ठानतर्फे रंगकर्मींसाठी तन्वीर सन्मान सुरू केला. तारीख ९ डिसेंबर, तन्वीरचा वाढदिवस. मुलाच्या वाढदिवशी पुण्यात भरल्या सभागृहात बसायचं, त्याचं नाव माइकवरून पुन्हा पुन्हा ऐकायचं आणि दुसऱ्यांचं कौतुक करायचं. नुसतं डोळ्यांपुढे आणलं तरी माझा गळा दाटून येतो.