नगरसेवकांना सलग कार्यकाळाची मर्यादा असावी का? सोसायटीच्या ग्रुपवरील चर्चा

ए-४०३ : सर्वांना नमस्कार. जानेवारी २०२६ मध्ये पुणे महापालिकेची निवडणूक झाल्यापासून एकाच व्यक्तीने किती वेळा नगरसेवक व्हावे, हा प्रश्न ग्रुपवर वारंवार निघतो आहे. सलग दोन कार्यकाळांनंतर एक कार्यकाळ बाहेर राहण्याची अट असावी, असे माझे मत आहे. ठेकेदारांशी ओळख, क्षेत्रीय कार्यालयातील वजन आणि कार्यकर्त्यांचे जाळे वर्षानुवर्षे एकाच घरात साठत गेले, की नवा उमेदवार कितीही सक्षम असला तरी त्याला तिकीटसुद्धा मिळत नाही.

बी-१०१ : काका, आपल्याकडे आरक्षणाच्या सोडतीमुळे ही मर्यादा बऱ्याच अंशी आपोआपच येते. वेगळा कायदा कशासाठी हवा?

ए-४०३ : ताई, सोडत काम पाहत नाही, उत्तम काम करणारा आणि पाच वर्षे न फिरकलेला, दोघांचीही जागा ती सारख्याच सहजतेने काढून घेते. शिवाय जागा महिलांसाठी राखीव झाली की अनेकदा त्याच घरातील उमेदवार उभी केली जाते. अशा कित्येक भगिनींनी पुढे स्वतःच्या बळावर चांगले काम केले आहे, त्यांच्याविषयी मला आदरच आहे. परंतु सत्ता घराबाहेर गेली, असे त्याला म्हणता येत नाही. व्यक्तीवरची मर्यादाही हा दोष पूर्णपणे दूर करणार नाही, हे मला मान्य आहे.

सी-२०४ : माझी हरकत वेगळी आहे. मार्च २०२२ पासून जवळजवळ चार वर्षे महापालिकेत नगरसेवकच नव्हते आणि प्रशासकांनी एकहाती कारभार पाहिला, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. आयुक्तांची नेमणूक राज्य सरकार करते आणि अंमलबजावणीचे अधिकार त्यांच्याकडेच असतात. अशा वेळी अंदाजपत्रक वाचू शकणारे जुने सदस्यही घरी बसवले, तर आयुक्तांना प्रश्न कोण विचारणार?

ए-४०३ : सर, ही हरकत सर्वांत महत्त्वाची आहे, आणि म्हणूनच मी आजन्म बंदी मागत नाही. खर्चाच्या नाड्या ज्या स्थायी समितीच्या हाती असतात, तिच्या १६ सदस्यांपैकी निम्मे दरवर्षी निवृत्त होतात. अनुभव टिकवून माणसे बदलण्याची ही पद्धत कायद्यातच आहे. सभागृहासाठीही तिचा विचार व्हायला हवा. सहकारी बँकांच्या संचालकांनाही सलग दहा वर्षांची मर्यादा आहे.

बी-१०१ : पण ही मर्यादा घालणार कोण? ज्यांना ती लागू होणार, तेच ती शिथिल करतील.

ए-४०३ : न्यूयॉर्कमध्ये नेमके तेच झाले. तेथील मतदारांनी १९९३ मध्ये सार्वमताने दोन कार्यकाळांची मर्यादा घातली होती. २००८ मध्ये नगर परिषदेनेच २९ विरुद्ध २२ मतांनी ती तीनवर नेली, महापौर मायकेल ब्लूमबर्ग २००९ मध्ये तिसऱ्यांदा निवडून आले आणि २०१० मध्ये मतदारांनी पुन्हा दोनचीच मर्यादा आणली. आपल्याकडे नगरसेवकांची पात्रता विधिमंडळाच्या कायद्याने ठरते. दोन अपत्यांची अटही तशीच आली. त्यामुळे नगरसेवकांना ही मर्यादा स्वतः बदलता येणार नाही. आमदारांना निवेदन द्यावे, असे मी सुचवतो. मसुदा रविवारपर्यंत येथे टाकतो, त्यात सी-२०४ यांची हरकतही नोंदवलेली असेल.