मदत हवी आहे: लिस्बनच्या भाड्याच्या घरात अझुलेजो (पोर्तुगालच्या रंगवलेल्या टाइल्स) कसे लावू?

नमस्कार मंडळी. आम्ही लिस्बनमध्ये भाड्याच्या घरात राहतो. हॉलमध्ये सोफ्यामागची चार फुटी भिंत अगदी पांढरीफटक आहे. अख्ख्या गावाच्या भिंतींवर निळ्या-पांढऱ्या टाइल्स आणि आमच्या घरात एक नाही! मालकीणबाई भिंतीवर काही चिकटवू देणार नाहीत, दोन खिळ्यांना हो म्हणाल्या आहेत.

आधी कॅनव्हासवर छापलेलं चित्र घेणार होते. पोर्तोच्या साओ बेंतु स्टेशनात चित्रकार जॉर्ज कोलासोंनी रंगवलेल्या सुमारे २०,००० टाइल्स आहेत, त्यातलं पोर्तुगीजांनी उत्तर आफ्रिकेतलं सेउता जिंकल्याचं दृश्य. पण दुकानात ते वाण्याकडच्या फुकट कॅलेंडरसारखं दिसलं. खऱ्या टाइलवर कच्च्या पांढऱ्या ग्लेझवर (चकचकीत लेपावर) कोबाल्टच्या निळ्या रंगाने रंगवून मग भाजतात, म्हणून निळा कडेला जरा पसरतो. छपाईत ती मजा नाही.

मग फेइरा दा लाद्रा, म्हणजे मंगळवारी-शनिवारी भरणारा जुना बाजार. तिथे सुट्ट्या जुन्या टाइल्स मिळतात. घ्याव्यात का? आणि किती घेतल्या तर बरं दिसेल? फ्रेममध्ये कशा बसवायच्या?

प्रतिसाद १
ताई, जुन्या सुट्ट्या टाइल्स जपून घ्या. इथे इमारतींवरून टाइल्स उचकटून विकायचे प्रकार इतके झाले की २००७ मध्ये पोलिसांच्या संग्रहालयाने ‘एसओएस अझुलेजो’ ही मोहीम सुरू केली. विक्रेत्याला कुठून आल्या ते सांगता येत नसेल तर सोडून द्या. हाताने रंगवलेल्या नव्या घ्या, महाग पडतील पण डोक्याला ताप नाही.

संख्येचं म्हणाल तर नक्षी बघून ठरवा. १७५५ च्या भूकंपानंतर शहर पुन्हा बांधताना भराभर लावता येतील अशा नक्षीच्या टाइल्स खूप झाल्या. त्यांत बऱ्याचदा चार टाइल्स जुळल्या की एक फूल पूर्ण होतं. त्यामुळे दोन बाय दोन किंवा चार बाय चार घ्या. तीन बाय तीन घेतलंत तर कडेला अर्धी फुलं लोंबकळतील. दुसरा प्रकार म्हणजे प्रत्येक टाइलवर एकेक सुटं चित्र: पक्षी, गलबत, फूल. त्या कितीही घ्या. छोट्या भिंतीला मला त्याच आवडतात.

प्रतिसाद २
वजनाचा अंदाज घ्या. टाइल साधारण १४ सेंमी चौरस असते. चार बाय चार म्हणजे ५६ सेंमीची चौकट, आणि पाच-सहा किलो सहज. प्लायवर सिलिकॉनचे चार-चार ठिपके देऊन बसवा, टाइलचा सिमेंटी गोंद अजिबात नको. घर सोडताना पातळ तार फिरवली की सिलिकॉन कापलं जातं.

इमारत जुनी आहे का? लिस्बनच्या जुन्या घरांत आतल्या भिंती लाकडी पट्ट्या आणि प्लास्टरच्या असतात, नुसत्या प्लास्टरमध्ये खिळा टिकणार नाही. भिंत ठोकून बघा. पोकळ वाजली तर खिळ्याचा नाद सोडा आणि सोफ्यामागे अरुंद टेबल ठेवून त्यावर फ्रेम टेकवा.

प्रतिसाद ३
पणजीला आलात तर मेनेझेस ब्रागांझा संस्थेचं प्रवेशदालन बघा. तिथले १९३५ चे अझुलेजो याच कोलासोंचे. आणि टाइल्स घ्यायच्या आधी तुमच्याच गावातलं, माद्रे दे देउशच्या जुन्या मठातलं अझुलेजो संग्रहालय बघून या. भूकंपाआधीच्या लिस्बनचं तिथलं पॅनल सुमारे २३ मीटर लांब आहे.

धागाकर्ती
सगळ्यांचे आभार. भिंत ठोकली, पोकळच आहे. म्हणजे टेबल आलं. सुट्या चित्रांच्या सहा टाइल्स आडव्या दोन ओळींत घेते. फ्रेमला लाकूड गडद बरं की पांढरं?