शास्त्रज्ञांच्या संशयास्पद मृत्यूंची यादी तपासायची कशी?

वाचनकट्टा, कोल्हापूर: अणुऊर्जा, क्षेपणास्त्र अशा क्षेत्रांतल्या शास्त्रज्ञांचे मृत्यू आणि बेपत्ता प्रकरणं यांची यादी ग्रुपवर फिरतेय. होमी भाभांच्या १९६६ च्या विमान अपघातापासून अलीकडच्या आत्महत्यांपर्यंत सगळं एकाच माळेत ओवलंय. खरोखर संशयास्पद काय, हे ठरवायचं कशावरून?

रंकाळाकाठ: आधी विचारा, एकूण किती माणसांमधले हे मृत्यू? २०२२ साली देशात आत्महत्येचं प्रमाण लाखामागे १२.४ होतं. १० हजार कर्मचाऱ्यांत त्या हिशेबाने ४ वर्षांत ५ आत्महत्या होतात, रस्ते अपघातांत जवळपास तितकेच जातात. निवृत्त आणि कंत्राटीही यादीत घेतले असतील तर तेही एकूण संख्येत धरा. याउलट, नोव्हेंबर २०१० मध्ये इराणच्या तेहरानमध्ये मोटारसायकलस्वारांनी शास्त्रज्ञांच्या गाड्यांना बॉम्ब चिकटवले. तिथे घातपात पद्धतीवरूनच उघड होता.

न्यायवैद्यक: प्रत्येक नावाची फाइल वेगळी करा: आकस्मिक मृत्यूची नोंद, पंचनामे, शवविच्छेदन, रासायनिक विश्लेषण. "व्हिसेरा (तपासणीसाठी काढलेले आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवला" या ओळीवर थांबू नका, प्रयोगशाळेची पोच आणि अहवाल बघा. व्हिसेरा सहसा मिठाच्या संपृक्त द्रावणात ठेवतात. फॉर्मालिनमध्ये (अवयव टिकवायच्या रसायनात) गेला तर बरीच विषं शोधणं अवघड होतं. रक्ताच्या नमुन्यात सोडियम फ्लोराइड (जंतूंना रोखणारं रसायन) घातलेलं नसेल तर जंतू त्या नमुन्यातच अल्कोहोल तयार करतात आणि न प्यालेला माणूस कागदावर दारुडा ठरतो.

प्रेत पाण्यात सापडलं असेल तर डायटम चाचणी: मांडीच्या हाडातला मगज आणि त्याच जागचं पाणी, दोन्हींतले डायटम (पाण्यातली सूक्ष्म शैवालं) जुळतात का ते बघतात. पंचगंगेत सापडलं तर पाणी त्याच घाटावरचं आणि त्याच दिवशीचं हवं, पूर ओसरल्यावरचं नको. डायटम मिळाले नाहीत म्हणून बुडून मृत्यू झालाच नाही, असं मात्र होत नाही.

नेहमीच्या विषचाचणीत पोलोनियम-२१० हे किरणोत्सारी विष दिसत नाही. २००६ मध्ये लंडनला त्याने मारले गेलेले माजी रशियन गुप्तहेर लिटविनेंको यांच्या बाबतीत आधी थॅलियम या दुसऱ्या विषाचाच संशय होता. पोलोनियम अल्फा किरण सोडतं, ते शरीराबाहेर येत नाहीत. लघवीचा नमुना मुद्दाम त्यासाठी तपासावा लागतो, आणि १३८ दिवसांत ते निम्मं उरतं.

विक्रम साराभाईंचं १९७१ मध्ये शवविच्छेदनच झालं नाही. अशा नावापुढे "पुरावा नाही" एवढंच लिहा, "खून" नको.

शाहूपुरी वकील: पोलीस चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली, दंडाधिकाऱ्यांची १९६ खाली. १ जुलै २०२४ आधीच्या फाइलवर जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेची कलमं १७४ आणि १७६ दिसतील. माहिती अधिकारात "तपास चालू आहे" एवढंच उत्तर आलं तर पहिलं अपील करा, माहितीने तपासात नेमका अडथळा कसा येतो ते त्यांनी सांगायला हवं. घरच्यांना स्वतंत्र तपास हवा असेल आणि घटना आपल्या सहा जिल्ह्यांतली (कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग) असेल, तर १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरातच आहे. बेपत्ता माणसाला मृत धरायला साधारण ७ वर्षं लागतात, म्हणून ती नावं मृतांच्या यादीत मिसळू नका.