वाचनालय की अभ्यासिका? आमच्या गावात बालविभाग जिन्याखाली गेला

जुना_सभासद

मंडळी, थोडं लांबलंय पण वाचा. आमचं गाव बाजाराचं, तालुका नाही. वाचनालय आजोबांच्या वेळचं, शासनमान्य, वर्ग क (अनुदानासाठी अ ते ड असे वर्ग असतात, त्यातला तिसरा). खाली एक मोठा हॉल, दारातच देवघेवीचं टेबल, मधे पेपर वाचायची लांब बाकं आणि खिडकीकडच्या कोपऱ्यात बालविभाग. बालविभाग म्हणजे काय तर दोन बुटकी कपाटं आणि एक सतरंजी, पण आमची अख्खी मे महिन्याची सुट्टी त्या सतरंजीवर गेलीय.

परवा लेकीला सभासद करायला घेऊन गेलो तर हॉलभर प्लायवूडचे कप्पे, प्रत्येकात खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, भिंतीवर "शांतता राखा". खुर्च्या मोजल्या, ४०. पेपर व्हरांड्यात गेलेत, तिथे दोन आजोबा चष्मा सावरत बसलेले आणि वाऱ्याने पानं उडतायत. बालविभाग जिन्याखाली. कपाटाला कुलूप, सतरंजी गुंडाळून वर ठेवलेली आणि तिच्यावर झाडू. लेक हळूच विचारते, बाबा इथे बोलायचं नाही का? म्हटलं नाही. मग म्हणते, मग चल ना घरी.

माझं म्हणणं एवढंच की स्पर्धा परीक्षेची अभ्यासिका ही चांगली गोष्ट आहे, पण ते वाचनालय नाही. ती पोरं स्वतःची पुस्तकं घेऊन येतात, स्वतःची घेऊन जातात, कपाटाकडे ढुंकून बघत नाहीत. मग सरकारी अनुदान कशासाठी घ्यायचं? सरळ खुर्च्या भाड्याने द्यायचा धंदा म्हणा ना. रविवारी सर्वसाधारण सभा आहे, मी विषय मांडणार आहे. तुमच्या गावात काय परिस्थिती?

तलाठी_होणारच

दादा तुमच्या लेकीचं वाईट वाटलं, खरंच. पण दुसरी बाजू पण ऐका, मी त्यातल्याच एका खुर्चीवर तीन वर्षं बसतोय.

आमचं घर दोन खोल्यांचं, माणसं सहा, टीव्ही रात्री अकरापर्यंत चालू आणि लहान भाऊ सातवीत. अभ्यास कुठे करू? तालुक्याला एसीवाली खाजगी अभ्यासिका आहे, महिन्याला १२०० आणि वर एसटीचा पास. वाचनालयात ४०० मधे होतं. आणि मुलींचं तर विचारूच नका. माझ्या बहिणीला घरचे तालुक्याला रोज पाठवणार नाहीत म्हणजे नाहीत, पण "वाचनालयात जाते" म्हटलं की कोणी अडवत नाही. त्या एका शब्दाला गावात मान आहे म्हणून ती आज नऊ तास बसू शकते.

आणि कपाटाकडे बघत नाही हे जुनं झालं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झालीय, आता नुसते गोळे काळे करून भागत नाही, चार ओळी स्वतःच्या लिहाव्या लागतात. आमच्यातले तीनचार जण संध्याकाळी व्हरांड्यात पेपर वाचायला त्याच आजोबांच्या शेजारी बसतात. अग्रलेख कोणाला आधी मिळणार यावरून भांडण पण होतं.

जुना_सभासद

४०० आणि १२०० चा फरक मला कळतो रे. पण तीन वर्षं म्हणतोयस, म्हणजे त्या ४० जागा त्याच ४० जणांच्या. गाव आठ हजारांचं आहे. बाकीच्यांनी काय करायचं?

कोरडा_पाऊस

बाकीचे रील बघतायत, त्यांची काळजी नको 😄

शिक्का_आणि_पावती

मी ग्रंथपाल आहे, तुमच्या गावचा नाही पण वर्ग क चाच. भावना बाजूला ठेवून जरा हिशोब सांगतो.

२०२२ ला अनुदानात ६० टक्के वाढ झाली, पेपरात मोठी बातमी आली होती. ड वर्गाचे ३० हजारांचे ४८ हजार झाले, आमच्या क वर्गाचे ९६ हजारांचे साधारण दीड लाख. हे वर्षाचे बरं का, महिन्याचे नाही. त्यातलं निम्मं पगारावर. म्हणजे महिन्याला साडेसहा हजारांच्या आत, आणि ते मी आणि शिपाई दोघांत. उरलेल्या निम्म्यात पुस्तकं, पेपर, लाईटबिल, फडताळाला वाळवी लागली तर तेही. पैसे हप्त्याने येतात आणि हप्ता वेळेवर आला तर आम्ही पेढे वाटतो.

आता ४० खुर्च्या गुणिले ४०० करा. महिन्याला १६ हजार, वर्षाला १ लाख ९२ हजार. अनुदानापेक्षा जास्त. तुमच्या समितीने चूक केली असं तुम्ही म्हणता, मी म्हणतो त्यांनी वाचनालय बंद पडू दिलं नाही. गेल्या वर्षीची आमची पुस्तकखरेदी निम्मी अभ्यासिकेच्या पैशावर झालीय, त्यात कादंबऱ्या आल्या आणि बालवाङ्मय पण आलं.

दिवाळी अंक योजनेला आमच्याकडे पूर्वी शंभरेक घरं असायची, २०० रुपये भरा आणि मार्चपर्यंत सगळे अंक वाचा. यंदा २३. ही माणसं कुठे गेली ते मला कोणी सांगा, मी खुर्च्या काढतो.

फक्त एक चूक तुमच्या समितीची नक्की. मुक्तद्वार विभाग, म्हणजे कोणीही येऊन पेपर वाचायची जागा, हा सगळ्यांसाठी फुकट आणि बसायला नीट असा असला पाहिजे. तो व्हरांड्यात वाऱ्यावर सोडणं बरोबर नाही. तपासणीला अधिकारी आले तर काय सांगणार?

बेळगावकर

तुमच्या महाराष्ट्रात कायदा १९६७ चा आहे पण त्यात ग्रंथालय कर नाही, तिथंच सगळं घोडं अडलंय बघा. आमच्याकडं कर्नाटकात घरपट्टीबरोबर ग्रंथालय कर भरतोय आम्ही, घरपट्टीच्या सहा टक्के. रक्कम बारकी, पण पावतीवर ओळ दिसते आणि मग माणूस हक्कानं विचारतो की आमच्या पैशाचं काय केलासा. तुमचं सगळं अनुदानाच्या तोंडाकडं बघत बसायचं.

सगळं गोड आहे असं पण नाही. वसूल झालेला कर ग्रंथालयाच्या हातात वेळेत पडत नाही ही ओरड इकडं कायमची. आणि मराठी पुस्तकांसाठी आम्हाला आमच्या जुन्या सार्वजनिक वाचनालयाकडंच जावं लागतंय, ते १८४८ चं आहे, लोकांनी काढलेलं.

कोरडा_पाऊस

आणखी एक कर. वा. आधी पाणीपट्टी भरलेल्यांना पाणी येऊ द्या.

आजीची_पिशवी

मला दोन्ही बाजूंचा राग आलाय त्यामुळे मधे बोलते.

मी निवृत्त शिक्षिका, आमच्या वाडीत गेली चार वर्षं दर शनिवारी मुलांना गोष्टी वाचून दाखवते. हॉल नाही. अंगणवाडीच्या ओट्यावर बसतो. वाचनालयातून एका वेळी ३० पुस्तकं माझ्या नावावर घेते, पत्र्याच्या ट्रंकेत भरते, आणि महिन्याने बदलून आणते. ही काही माझी अक्कल नाही, बडोद्यात सयाजीरावांनी १९१० ला बोर्डन नावाचा अमेरिकन ग्रंथपाल बोलावला आणि तेव्हापासून तिथे पुस्तकांच्या पेट्या खेडोपाडी फिरायच्या. शंभर वर्षांपूर्वी जमत होतं.

तर जुना सभासद, कोपरा गेला म्हणून रडू नका, मुलांना हॉल लागत नाही, मोठ्याने वाचणारं माणूस लागतं. सुट्टीतले शनिवार तुम्ही घेणार का?

आणि ग्रंथपाल साहेब, तुमचा हिशोब पटला पण कुलूप का हो? आमच्याकडेही तेच होतं. सुरुवातीला मला पुस्तकं देईनात. का, तर मुलं फाडतात, हरवतात. आमच्या ट्रंकेतलं एक माकडाचं पुस्तक इतकं वाचलं गेलंय की शिवण उसवून तीन भाग झालेत, मुलं तिघं तिघं मिळून एकेक भाग वाचतात आणि मग अदलाबदल करतात. ते पुस्तक परत करायला गेले तर म्हणे दंड. मी म्हटलं या पुस्तकाला बक्षीस द्या!

शिक्का_आणि_पावती

बाई, कुलपाचं कारण सांगतो, हसू नका. दाखल नोंदवहीत प्रत्येक पुस्तकाला नंबर आहे. तपासणीला नंबर आणि पुस्तक जुळलं नाही तर जबाबदार मी. फाटलेलं पुस्तक काढून टाकायचं तर निर्लेखनाची यादी, समितीचा ठराव, मंजुरी, तोवर ते माझ्या डोक्यावर. साडेसहा हजारातला अर्धा पगार घेऊन मी हरवलेल्या पुस्तकांची किंमत भरू का? म्हणून कुलूप लागतं. वाईट आहे, मान्य.

पण तुमचं तीन भागांचं पुस्तक मला आवडलं. माझ्याकडे असतं तर मी तीन वेळा देवघेव लिहिली असती, आकडा वाढला असता 😀

विद्यापीठवाला

ग्रंथालयशास्त्राचा विद्यार्थी म्हणून थोडं. आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचे पाच सिद्धांत १९३१ चे, त्यातला पहिलाच "ग्रंथ उपयोगासाठी आहेत". कुलूपबंद कपाट त्याला धरून नाही आणि नुसत्या खुर्च्याही नाहीत. पण पाचवा सिद्धांत असाही आहे की ग्रंथालय ही वाढती संस्था आहे, त्यामुळे गरजा बदलल्या की सेवा बदलणारच. पणजीचं कृष्णदास शामा ग्रंथालय बघून या कधी. मूळ १८३२ चं, पण पाट्टो भागातली इमारत नवी, मुलांचा विभाग वेगळा, अभ्यासाला बसणारे वेगळे, कोणी कोणाला शुक करत नाही.

जुना_सभासद

अहो ते राज्याचं मध्यवर्ती ग्रंथालय, सरकारने बांधलेलं. आमच्याकडे जिन्याखालचा दिवा गेलाय तो बदलायला ठराव लागतो.

बरं. बाईंचं आणि ग्रंथपालांचं वाचून मी थोडा खाली आलोय, कबूल करतो. खुर्च्या काढा म्हणणार नाही. पण सभेत एवढं मागणार, की पेपर आत आणा, त्यासाठी चार कप्पे काढावे लागले तरी काढा, आणि रविवारी सकाळी दोन तास हॉल मुलांना द्या. दोन तास ती ४० जण घरी झोपली तर काही बिघडत नाही.

तलाठी_होणारच

रविवारी सकाळी नको, दहा वाजता आमची टेस्ट असते. चार ते सहा घ्या. पेपर आत आणायला माझा पाठिंबा, आजोबांना पण ऊन लागतं. पण चार कप्पे काढायचे म्हणजे कोणाचे चार? वेटिंगवर आत्ताच अकरा जण आहेत. तुम्ही सभेत हात वर करणार आणि कोणाच्या तरी बहिणीची खुर्ची जाणार.

जुना_सभासद

हे खरंय. याचं उत्तर माझ्याकडे नाही. पण मुलांची खुर्ची तर आधीच गेलीय, त्यांनी वेटिंग लिस्ट पण लावली नाही.

आजीची_पिशवी

चार ते सहा चांगलं आहे, माझ्या अनुभवाने सकाळी मुलं येतच नाहीत. शनिवारचं उत्तर दिलं नाहीत तुम्ही.

जुना_सभासद

एक शनिवार घेतो. बघू.

शिक्का_आणि_पावती

सभेला जाण्याआधी एक गोष्ट बघा. बहुतेक ठिकाणी वाचनालयाच्या घटनेत असतं, वर्गणी बाकी असेल तर सभेत मत देता येत नाही. विषय मांडायचा तर मांडाल, पण हात वर केला तर सचिव रजिस्टर काढतो. तुमची भरलेली आहे ना?

जुना_सभासद

आत्ता पाकिटात पावती शोधली. मागच्या मार्चपर्यंतची आहे. लेकीला सभासद करायला गेलो होतो तेव्हा पण भरली नाही, रागात निघून आलो.

उद्या सकाळी ऑफिसच्या आधी जातो. किती वाजता उघडतं कोणाला माहितीय?

तलाठी_होणारच

ग्रंथपाल नऊला येतात. अभ्यासिका सहालाच उघडते, तिथे रोज पाळीने एक जण बसतो आणि वर्गणीची पावती पण तोच फाडतो. सुट्टे न्या.